मिशी कुठे गेली

३ सप्टेंबर, बुधवार

मोठ्या बाई वर्षअखेरीला निवृत्त होणार हे आज शिक्षकांच्या खोलीत जाहीर झालं. मुख्याध्यापिकेच्या खुर्चीसाठी दोन नावं आहेत, विज्ञानाचे सर आणि मी. बावीस वर्षं गणित शिकवते आहे. सगळे माझ्याकडे बघून हसले, सर खिडकीबाहेर बघून हसले. पुढच्या महिन्यात समिती वर्गावर येऊन बसणार आहे. डोक्यात इतकी गर्दी झाली की ती कुठेतरी उतरवून ठेवावी म्हणून ही वही काढली.

घरी येऊन ह्यांना बातमी दिली. आमचे हे जुन्या हस्तलिखितांचे अभ्यासक. चारशे वर्षांपूर्वी मेलेला लेखनिक एका वेलांटीवरून ओळखतात, समोरून येणारी बायको ओळखत नाहीत. बातमी ऐकून "वा, वा, फार छान" म्हणाले आणि तासाभराने विचारलं, "अगं, तुझ्या शाळेत काहीतरी होणार होतं ना?" गेल्या आठवड्यात वाचनालयातून फोन आला होता. परत केलेल्या पुस्तकात ह्यांचा चष्मा सापडला, पान एकशे चाळीस. खुणेसाठी ठेवला होता म्हणे. त्याच चष्म्यासाठी मी दोन दिवस घर उलथंपालथं केलं होतं.

ते सगळं चालतं मला. पण सकाळी बाहेर पडताना माणूस एका शब्दाने सांगून जात नाही, हे मात्र लागतं. मी ओट्याशी पाठमोरी असते. वळून बघावं तर दार ओढलेलं आणि स्वारी गायब. पूर्वी "येतो गं" म्हणून जायचे. आता तेवढंही लक्षात राहत नाही.

७ सप्टेंबर, रविवार

आज कहर झाला. हे केस कापायला गेले आणि मिशी उतरवून आले.

सत्तावीस वर्षांची मिशी! मी माणूस पसंत केला तो मिशीसकट. दार उघडलं तेव्हा मला क्षणभर वाटलं, कुणीतरी पत्ता चुकला. विचारलं, "मिशी कुठे गेली?" तर ओठावर हात फिरवून म्हणाले, "न्हाव्याने विचारलं, ठेवायची का काढायची? मी म्हटलं, काढा." म्हणजे लक्ष नव्हतं. तो डोकं काढू का म्हणाला असता तरी हे हो म्हणाले असते.

वरचा ओठ एखाद्या शाळकरी पोरासारखा कोवळा दिसतो. जेवताना माझी नजर तिथेच जात होती. एक मात्र कबूल केलं पाहिजे, बोलणं जरा स्पष्ट झालंय. इतकी वर्षं ह्यांचे निम्मे शब्द मिशीतच अडकत असणार.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

नववी 'ब' यंदा इतकी शांत आहे की मलाच नवल वाटतं. इतर शिक्षक त्याच वर्गाच्या नावाने बोटं मोडतात. भूगोलाच्या बाई तर म्हणाल्या, "तुमच्या तासाला शेजारच्या वर्गात मला शिकवता येत नाही." काय म्हणायचं होतं कुणास ठाऊक. हेवा असतो एकेकाला. शिस्त ही ओरडून लागत नाही, ती माणसात असावी लागते.

किटलीची शिट्टी बिघडली आहे. दोनदा पाणी आटून बूड काळं झालं. आज तिसऱ्यांदा होणार होतं, तर हे अभ्यासिकेतून धावत येऊन गॅस बंद करून गेले. ज्यांना आयुष्यात कधी उतू जाणारं दूध दिसलं नाही, त्यांना किटली बरी दिसली. मी म्हटलं, "नवी शिट्टी आणा." म्हणाले, "आणतो." शिट्टीऐवजी आले घेऊन शाईची बाटली.

१८ सप्टेंबर, गुरुवार

ह्यांचं काहीतरी बिनसलंय. विसरभोळेपणा होताच, आता त्यात विचित्रपणाची भर.

एक, रस्त्याने चालताना कायम माझ्या डावीकडून चालायचे. आता मधेच थांबतात, माझ्यामागून वळसा घालून उजवीकडे येतात आणि मग बोलायला लागतात. काल असं करताना एका सायकलवाल्याच्या अंगावर गेले. जेवणाच्या टेबलावरही खुर्ची बदलली. विचारलं तर म्हणे, इथे उजेड बरा आहे.

दुसरं, चहा हवा असला की पूर्वी अभ्यासिकेतूनच हाक मारायचे. आता उठून स्वयंपाकघरात येतात, माझ्यासमोर उभे राहतात आणि मी वर बघेपर्यंत गप्प. मग हळूच म्हणतात, "चहा होईल का?" कधी पाठीमागून आले तर खांद्याला हात लावतात. ह्या वयात हे नवीनच! मी काल म्हटलंसुद्धा, "अहो, लेक लग्नाच्या वयाची झाली आपली." तर लाजले. बिनमिशीचा माणूस लाजला की लपवायला जागाच उरत नाही.

२३ सप्टेंबर, मंगळवार

शाळेतून आले तर स्वयंपाकघराच्या दारावर लाल दिवा. बेल वाजली की तो लागतो. ह्यांच्या टेबलावरचा दिवा महिनाभर बंद आहे, त्यासाठी वायरमन बोलावला होता. साहेबांनी त्याला काय सांगितलं देव जाणे, त्याने भलत्याच ठिकाणी भलताच दिवा बसवला आणि टेबलावरचा तसाच बंद. मी चिडले तर म्हणतात, "असू दे गं, छान दिसतो." स्वयंपाकघर आहे का रेल्वेचा सिग्नल?

शिवाय घरभर चिठ्ठ्या. ह्यांना टिपणांसाठी छोटी पुठ्ठ्याची कार्डं लागतात, त्यांच्या पाठीवर लिहितात. साखरेच्या डब्यावर, "लेकीचा फोन सहाला येणार." आरशावर, "वरच्या मजल्यावरच्या काकू येऊन गेल्या, तू आत होतीस." मी घरातच होते की! बायको घरी आहे का नाही, हेही ह्यांना आठवेनासं झालंय. आणि खिशातल्या रुमालाला गाठ मारलेली. धुवायला टाकताना सोडायला गेले तर हातातून ओढून घेतला. "कशाची आठवण आहे?" विचारलं. म्हणाले, "ते आठवतंय, म्हणूनच गाठ आहे." मी हात टेकले.

२८ सप्टेंबर, रविवार

लेकीचा फोन. हल्लीची मुलं तोंडातल्या तोंडात बोलतात. मी "हो, हो" म्हणून ह्यांच्याकडे दिला. मग बापलेकीचं बराच वेळ चाललं होतं. मी आत गेले की हे पाठ फिरवत होते. दोघं मिळून माझ्यापासून काहीतरी लपवतायत.

म्हणून जेवताना विषय काढला. ह्यांनी सांगितलं ते मात्र लेखनिकाचं. सध्या ज्याच्यावर काम चाललंय त्याने तीस वर्षं ग्रंथ उतरवले. सुरुवातीला अक्षर मोहरीएवढं, मग दर दोन वर्षांनी थोडं मोठं, शेवटी ज्वारीच्या दाण्याएवढं.

"म्हणजे डोळे जात होते त्याचे," मी म्हटलं.

"हो. पण त्याला कळलं नव्हतं. शेवटच्या पानावर लिहितो, हल्ली शाई पूर्वीसारखी काळी मिळत नाही."

मला खूप हसू आलं. "कुणी सांगायचं नाही का त्याला?"

ह्यांनी घास ताटात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "कसं सांगायचं, तेच तर मला अजून सापडलं नाही." असं बोलले, जणू तो लेखनिक शेजारच्या खोलीत बसलाय. विद्वानांचं हे असं.

४ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी हे समोर येऊन उभे. "तुला एक सांगायचं होतं. रागावणार नाहीस ना?"

"रागावण्यासारखं असेल तर रागावेन."

"मग काही नाही," म्हणाले आणि साखरेचा डबा फ्रिजमध्ये ठेवून गेले.

मी काय इतकी रागीट आहे? अकरा वर्षांपूर्वी "तुला वाचायला चष्मा लागलाय बहुतेक" म्हणाले होते, तेव्हा आठ दिवस अबोला धरला होता खरा. पण तेव्हा मी चाळिशीचीही नव्हते. तसं कुणाच्या तोंडावर बोलतात का?

९ ऑक्टोबर, गुरुवार

समिती आली होती. तिघंजण मागच्या बाकावर. समीकरणं शिकवली. फळा असा भरला की मोजपट्टी लावून बघावा. वर्ग नेहमीसारखा शांत. मला वाटतं खुर्ची आपलीच.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

मोठ्या बाईंनी बोलावलं. आत गेल्यावर दार लावून घेतलं.

म्हणाल्या, शेवटच्या बाकावरच्या दोन वेण्यांच्या मुलीने काल मला तीनदा शंका विचारली. तीनदा. मी फळ्याकडे तोंड करून लिहीत राहिले. तास संपल्याची घंटा झाली तरी थांबले नाही, शिपाई दारात येऊन हात करत होता. समितीतल्या एकांनी लिहिलंय, "विद्यार्थ्यांकडे दुर्लक्ष." निर्णय तीन आठवडे पुढे ढकललाय. तिसऱ्या आठवड्याअखेर समिती पुन्हा बसेल.

"तुम्ही अशा नव्हता," मोठ्या बाई म्हणाल्या. "घरी सगळं ठीक आहे ना?"

बावीस वर्षांत कुणी माझ्याबद्दल असं लिहिलं नव्हतं. येताना बागेतल्या बाकावर बसून रडले, इथे लिहायला हरकत नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

विचार केला आणि कारण सापडलं. विसरभोळेपणाची लागण होते. सत्तावीस वर्षं एका घरात राहून ह्यांचा मला लागला. माझं लक्ष उडतं ते ह्यांच्या चिंतेने.

आणि चिंता खरीच आहे. चष्मा पुस्तकात ठेवणं ही गंमत झाली. पण वळसे घालून चालणं, चिठ्ठ्या, गाठी, बोलायला येऊन विसरून परत जाणं? ह्या माणसाचं डोकं हीच त्याची सगळी मिळकत. ते हळूहळू निसटत असेल तर? एक दिवस घरातच समोर बसून मला ओळखलं नाही तर? रस्त्यात ओळखत नाहीत त्यावर मी हसते, पण ते घरी झालं तर मला हसता येणार नाही. मला भीती वाटते.

धीर करून म्हटलं, "अहो, रागावू नका, पण आपण एकदा डॉक्टरला दाखवून घेऊ." स्मरणशक्तीच्या डॉक्टरचं नावही काढून ठेवलं होतं.

मला वाटलं होतं तंडतील. तर चेहरा असा उजळला की जणू कुणी बक्षीस दिलं. "जाऊ या की! दोघं जाऊ. फक्त वेळ मी घेतो, ते तू माझ्यावर सोड."

बिचारे. त्यांनाही मनातून कळलं असणार.

१८ ऑक्टोबर, शनिवार

लिहायला हात उचलत नाही, पण लिहिते.

दवाखान्याच्या पाटीवर बघते तर "कान, नाक, घसा". मी दारातच कपाळाला हात लावला. "अहो, डोक्याचा डॉक्टर सांगितला होता मी! डोकं कुठे, कान कुठे!"

"फार लांब नाहीत तसे," म्हणाले. "आता आलोच आहोत तर बसू."

बसलो. जरा वेळाने ह्यांनी कोपराने ढोसलं. नर्स माझं नाव पुकारत होती, दोनदा पुकारून झालं होतं म्हणे. कागदावर स्वतःच्या जागी माझं नाव लिहून ठेवलं होतं ह्या माणसाने! सगळे बघायला लागले. तिथे तमाशा नको म्हणून मी उठले.

काचेच्या खोलीत बसवून कानावर यंत्र चढवलं. आवाज आला की बटण दाबायचं. मी सावरून बसले, परीक्षेला मी घाबरत नाही. पण यंत्र बिघडलं होतं बहुतेक, बराच वेळ आवाजच सोडेना. काचेपलीकडे डॉक्टरबाई माझ्याकडे बघत होत्या आणि त्यांच्यामागे हे उभे होते. ह्यांचा चेहरा बघितला आणि माझा अंगठा बटणावर गार पडला.

बाहेर डॉक्टरबाईंनी कागद पुढे केला. त्यांनी समजावायला सुरुवात केली, मी म्हटलं नको. बावीस वर्षं मी आलेख शिकवते. उतरणारी रेघ मला कळते. उजवा कान बराच बरा आहे. डावा जवळजवळ गेलाय.

परत येताना मी रस्त्यातच रडले. हे उजवीकडून चालत होते. रुमाल दिला. गाठ सोडलेली होती. मग दोन चौक चालल्यावर म्हणाले, "अगं, माझी छत्री." ती दवाखान्यात राहिली होती.

एक मात्र मानलं पाहिजे. आयुष्यभराच्या चुकांतली ह्यांची ही एक चूक कामाला आली. भलत्या डॉक्टरकडे नेलं म्हणून कळलं.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

कानामागे बसणारं यंत्र मिळालं, दोन्ही कानांना. शेंगदाण्याएवढं आहे. केस पुढे घेतले की दिसत नाही. सगळ्यात आधी हेच पाहिलं.

मग आरशासमोर बराच वेळ उभी राहिले. लपवून खुर्चीवर बसले तर मुलांना प्रामाणिकपणावर काय सांगू? केस मागे बांधले आणि मोठ्या बाईंकडे गेले. सगळं सांगितलं. म्हटलं, आता माझं नाव कापायचं तर कापा.

त्यांनी ऐकून घेतलं. मग खुर्चीतून उठल्या आणि खालची उशी काढून दाखवली. "बारा वर्षं हिच्यावर बसते. हिच्याशिवाय पाठीचे हाल होतात. मला कुणी कापलं? जा, वर्ग घ्या."

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

नववी 'ब' शांत नाही. नव्हतीच! नुसता बाजार. मी फळ्याकडे वळले की शेवटच्या दोन ओळींत गप्पा, गाणी, पेन्सिलींची ठोकाठोकी. जूनपासून हे चाललंय आणि मी स्वतःच्या शिस्तीवर खूश.

पाठमोरी लिहीत होते तेवढ्यात मागून आलं, "बाईंच्या कानात काय आहे गं?"

मी लिहिणं न थांबवता म्हटलं, "यंत्र आहे. आणि तिसऱ्या बाकावर जे ठोकतंय त्याने पेन्सिल खाली ठेवावी."

मग वर्ग खरोखर शांत झाला. त्या शांततेत पंखा कुरकुरताना ऐकला. दोन वेण्यांच्या मुलीला म्हटलं, त्या दिवशीची तुझी शंका काय होती? ती उभी राहिली. शंका बरोबर होती, मी एक पायरी गाळली होती.

घरी आल्यावर यंत्रं डबीत ठेवते. भांड्यांचा आवाज डोक्यात जातो. आणि घरी ऐकायचं काय, ह्यांचे लेखनिकच ना?

३० ऑक्टोबर, गुरुवार

झालं! समिती आली, बसली, उठली आणि दुपारी मोठ्या बाईंनी सांगितलं, खुर्ची माझी. उशी मात्र त्या घेऊन जाणार. विज्ञानाच्या सरांनी स्वतः येऊन हात मिळवला, चांगला माणूस आहे.

ह्यांना सांगितलं. "वा, वा, फार छान," म्हणाले, आणि तासाभराने परत आले. मी विचारायच्या तयारीत होते की आता कशाची आठवण हवी. तर म्हणाले, "बावीस वर्षांनी. मला फार आनंद झालाय." आणि गेले.

ही बातमी लिहायला वही उघडली. म्हटलं, पहिल्या दिवशी काय लिहिलं होतं ते बघू. म्हणून पहिल्या पानापासून वाचायला घेतलं.

सगळं वाचलं. मग पुन्हा वाचलं.

उजवीकडून चालणं. उजवीकडची खुर्ची. समोर येऊन उभं राहणं. लाल दिवा. चिठ्ठ्या. किटली. वर्ष-वर्ष एकेक अक्षर जोखणाऱ्या माणसाला माझी चूक पहिल्या दिवशीच दिसली असणार, आणि मी लिहिलंय काय, तर ह्यांचं बिनसलंय! दवाखान्याच्या कागदावर माझं नाव होतं ते चुकून नव्हतं. तो कागद आत्ता फाईलमधून काढून पाहिला. नाव नोंदवल्याची तारीख दहा सप्टेंबर. ह्यांच्याच अक्षरात.

आणि मिशी. ह्यांचे ओठ दिसावेत म्हणून सत्तावीस वर्षांची मिशी काढली, आणि सांगितलं न्हाव्याचं नाव. मला कळत होतं म्हणजे मी ऐकत नव्हतेच, वाचत होते. मला माहीत नव्हतं, ह्यांना माहीत होतं.

शाई पूर्वीसारखी काळी मिळत नाही म्हणाला होता तो लेखनिक. किती हसले होते मी त्याला.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

आज सकाळी घरीच यंत्रं घातली. ओट्याशी पाठमोरी उभी राहिले, मुद्दाम. किटलीची शिट्टी वाजली. चांगली कर्कश्श आहे, काही बिघडलेली नाही. मागे ह्यांची धावपळ ऐकू येत होती. चपला, पिशवी, किल्ली, परत पिशवी.

मग दाराची कडी निघाली, आणि दारातून आवाज आला, "येतो गं."

नेहमीचा आवाज, नेहमीच्या सवयीचा. आजच आठवण झाल्यासारखा नाही. म्हणजे रोज म्हणत होते. उत्तर येत नाही हे कळूनही इतके महिने, रोज.

मी वळेपर्यंत दार लागलं. मी धावत जाऊन उघडलं, तर हे जिन्यातून परतच येत होते. कार्डांची पेटी विसरली होती.

पेटी दिली आणि म्हटलं, "मिशी वाढवा परत. आता चालेल."

हे एका पायरीवर थांबले. आयुष्यात पहिल्यांदा ह्या माणसाला एखादी गोष्ट लगेच कळलेली मी पाहिली. ओठावर हात फिरवला. म्हणाले, "न्हाव्याने विचारलं म्हणून..."

"हो," मी म्हटलं. "न्हाव्याने."

मग हसले. पेटी काखेत मारली आणि दोन पायऱ्या उतरून, मान न वळवता, पाठमोरेच म्हणाले, "येतो गं."

मी म्हटलं, "या."